अपडेट हवं? आधी खातं उघडा

१४ ऑक्टोबर २०२५ हा मंगळवार होता आणि लक्ष्मीपूजन पुढच्या मंगळवारी. पुण्याच्या सदाशिव, नारायण, शनिवार पेठेतल्या डीटीपीवाल्यांना मान वर करायला फुरसत नसते असा हा आठवडा. रेंगाळलेले दिवाळी अंक, दुकानांच्या जाहिराती, दिवाळी पहाटच्या पत्रिका. आणि येणाऱ्या प्रत्येकाला काम आत्ताच्या आत्ता हवं असतं. नेमक्या त्याच दिवशी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ला दिला जाणारा मोफत सुरक्षा-अपडेटचा रतीब बंद केला.

डीटीपीच्या धंद्यातला कॉम्प्युटर सहसा नवाकोरा नसतो. त्यावर पेजमेकर असतं, कोरलड्रॉची कुठलीतरी जुनी आवृत्ती असते आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी असते. युनिकोड रुळायच्या आधीच्या फाँटमध्ये बनवलेल्या जुन्या फायलींचे गठ्ठे त्या हार्डडिस्कवर पडलेले असतात. गेल्या दहा वर्षांतल्या कुठल्याही लग्नपत्रिकेचा मजकूर परत हवा असेल तर तो त्याच फाँटात आणि त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडतो. दुसरीकडे नेला की अक्षरांच्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो. म्हणून चालतंय तोवर मशीनला हात लावायचा नाही, असा या धंद्याचा अलिखित नियम.

विंडोज ११ ला हा नियम मान्य नाही. तिला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ नंतरचा. २०१६ मध्ये घेतलेल्या मशीनमध्ये रॅम वाढवली, एसएसडी टाकली, ते झकास पळतंय, तरीही कंपनीच्या लेखी ते बाद. अशी जवळपास २४ कोटी यंत्रं जगभरात भंगारात निघू शकतात, असा अंदाज कनॅलिस या बाजार-संशोधन संस्थेनं २०२३ च्या अखेरीस मांडला होता.

ज्यांना नवं मशीन घ्यायचं नाही त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टनं एक वर्षाची सवलत काढली. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-अपडेट मिळत राहतील, मात्र तीनपैकी एका वाटेनं. ३० डॉलर मोजायचे, कंपनीच्या बक्षीस योजनेतले १,००० गुण खर्चायचे, किंवा विंडोज बॅकअप सुरू करून आपल्या मशीनच्या सेटिंग्ज कंपनीच्या क्लाउडवर चढवायच्या. तिन्ही वाटांच्या तोंडाशी एकच पहारेकरी उभा आहे: मायक्रोसॉफ्टचं खातं. ज्यानं दहा वर्षं कुठलंही खातं न उघडता, साध्या स्थानिक पासवर्डवर काम केलं, त्यालाही सुरक्षा हवी असेल तर आता नाव-ईमेल देऊन आत यावं लागतं. म्हणजे गॅरेजवाल्यानं ब्रेक दुरुस्त करून द्यावेत, पण गाडीच्या चावीची एक प्रत आपल्याकडे ठेवून घ्यावी, तशातली गत.

युरोपात मात्र हेच गणित बदललं. युरोकन्झ्युमर्स या ग्राहक संघटनेनं आक्षेप घेतला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या ग्राहकांसाठी बॅकअपची अट काढून टाकली. पैसेही नाहीत, गुणही नाहीत. खातं तिथंही लागतं, पण क्लाउडवर काही चढवायची सक्ती राहिली नाही. सॉफ्टवेअर तेच आणि धोकाही तोच. पॅरिसच्या ग्राहकाला एक अट आणि पुण्याच्या ग्राहकाला दुसरी, याला तांत्रिक कारण काय असणार? तिथं कायदा कडक आहे आणि त्याचा आधार घेऊन भांडणारं कुणीतरी आहे, एवढाच फरक.

यावर एक सोपं उत्तर ऐकू येतं: मग अपडेट घेऊच नका. पुणेकरांनी तरी हे उत्तर देऊ नये. ऑगस्ट २०१८ मध्ये गणेशखिंड रस्त्यावर मुख्यालय असलेल्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत घुसून चोरांनी दोन दिवसांत ९४ कोटींहून जास्त रक्कम लांबवली. बनावट कार्डांनी अनेक देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले आणि वर स्विफ्ट व्यवहारातून हाँगकाँगला आणखी गेले. त्याच्या आदल्या वर्षी, मे २०१७ मध्ये, वॉनाक्राय या व्हायरसनं जगभर धुमाकूळ घातला. तो ज्या फटीतून शिरला ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं, ते गोत्यात आले. सुरक्षा-अपडेट टाळणं हा गोपनीयता राखण्याचा मार्ग नाही, उलट ती उघड्यावर टाकण्याचा आहे.

पण याच कहाणीचा पुढचा अंक तितकाच बोलका आहे. जून २०१७ च्या अखेरीस नॉटपेट्या नावाचा हल्ला आला आणि न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. हा हल्ला पसरला कुठून? युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. ग्राहकांनी विश्वासानं घेतलेल्या अपडेटनंच विष आत आणलं. कॉम्प्युटरला सगळ्यात आतपर्यंत हात घालण्याची परवानगी अपडेटकडे असते, आणि म्हणूनच त्या वाटेनं आणखी काय काय जातंय हे विचारायचा हक्क मशीनच्या मालकाला हवा.

काय जातं, ते पाहायला फार खटपट लागत नाही. सेटिंग्ज, प्रायव्हसी, मग ‘डायग्नॉस्टिक्स अँड फीडबॅक’. तिथं दोन प्रकारची माहिती दिसते, आवश्यक आणि ऐच्छिक. आवश्यक माहिती म्हणजे मशीन कोणतं, अपडेट बसलं की फसलं, काय बिघडलं. होम आणि प्रो आवृत्त्यांमध्ये ती बंद करायची सोयच नाही. ती सोय मोठ्या कंपन्यांना आणि शिक्षणसंस्थांना विकल्या जाणाऱ्या आवृत्त्यांत आहे. ऐच्छिक माहितीत एज ब्राउजरवर पाहिलेल्या संकेतस्थळांपासून कुठलं ॲप किती वापरलं इथपर्यंत बरंच काही येतं. आणि कंपनीच्याच खुलाशात एक वाक्य आहे: एखादा प्रोग्राम कोलमडला तर त्या क्षणाच्या मेमरीच्या नोंदीत, वापरकर्ता ज्या फायलीवर काम करत होता तिचे तुकडे अनवधानानं जाऊ शकतात. शिवाजीनगर कोर्टात वकिली करणाऱ्यानं किंवा कर्वे रस्त्यावर दवाखाना थाटलेल्या डॉक्टरनं हे वाक्य दोनदा वाचावं. पहिल्याच्या मशीनवर अशिलाचा जबाब असतो, दुसऱ्याच्या मशीनवर पेशंटचा रिपोर्ट. ऐच्छिक बटण बंद करायला अर्धा मिनिट लागतो, पण नवं मशीन सुरू करताना ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत सुटलेल्यांपैकी कितीजण तिथवर पोचतात?

मायक्रोसॉफ्टला एकटीला झोडपण्यात अर्थ नाही, पण तिचा या बाबतीतला इतिहास विसरण्यासारखा नाही. २०१६ मध्ये विंडोज १० घ्या म्हणून जी खिडकी यायची, तिच्या कोपऱ्यातली फुली दाबली तरी एका टप्प्यावर त्याचा अर्थ ‘होकार’ धरला जाऊ लागला. फुली म्हणजे नको, हे लहान पोरालाही कळतं. कॅलिफोर्नियातल्या एका ट्रॅव्हल एजंटचं मशीन अशा नको असलेल्या अपग्रेडनंतर रखडलं. तिनं दावा लावला आणि १०,००० डॉलर वसूल केले. त्या काळात आपण मर्यादा ओलांडली, अशी कबुली कंपनीचे तेव्हाचे मार्केटिंगप्रमुख क्रिस कॅपोसेला यांनी वर्षअखेरीस दिली. त्याच वर्षी फ्रान्सच्या माहिती-संरक्षण आयोगानं जादा माहिती गोळा केल्याबद्दल कंपनीला नोटीस बजावली. वर्षभरात मूलभूत पातळीवर गोळा होणारी माहिती जवळपास निम्म्यावर आली आणि मगच नोटीस मागे घेतली गेली. निम्म्या माहितीवरही विंडोज व्यवस्थित चालत राहिली, हे इथं मुद्दाम नोंदवायला हवं.

फोनवाल्यांचीही तीच तऱ्हा. अपडेटनंतर जुने फोन मंदावतात, या तक्रारीवरून इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणानं २०१८ मध्ये ॲपलला एक कोटी आणि सॅमसंगला पन्नास लाख युरोंचा दंड केला. भारतात आयफोनच्या अपडेटनंतरच्या तक्रारींवरून जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ॲपलला नोटीस धाडल्याचं ग्राहक व्यवहार मंत्री प्रल्हाद जोशी यांनी जाहीर केलं. आणि सरकारनं स्वतः काय केलं? २८ नोव्हेंबर २०२५ ला दूरसंचार विभागानं ‘संचार साथी’ हे ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच घालायचा आदेश काढला; जे फोन कारखान्यातून निघून चुकले होते त्यांच्यात ते सॉफ्टवेअर अपडेटनं ढकलायचं होतं. ओरड झाल्यावर ३ डिसेंबरला आदेश मागे गेला. हेतू फोनचोरी आणि फसवणूक रोखण्याचा होता, हे मान्य. पण अपडेटची नळी आपल्या ताब्यात आहे असं वाटलं की तीतून काही ना काही सोडायचा मोह कंपनीला होतो तसा सरकारलाही होतो.

मग ग्राहकानं जायचं कुठं? संमती मुक्त, नेमकी आणि बिनशर्त हवी, असं डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या सहाव्या कलमात लिहिलं आहे. तिथं दिलेलं उदाहरणही चपखल आहे: टेलिमेडिसिनच्या ॲपनं रुग्णाची कॉन्टॅक्ट लिस्ट मागितली आणि रुग्णानं ‘हो’ म्हटलं, तरी उपचारासाठी ती यादी लागत नाही म्हणून तेवढी संमती धरलीच जाणार नाही. हाच निकष सुरक्षा-अपडेटला लावा आणि बॅकअपची अट किती टिकते ते पाहा. अडचण एवढीच की कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ चे, आणि संमतीची ही कलमं अंमलात यायला त्यानंतर अठरा महिने. म्हणजे मे २०२७. विंडोज १० ची वाढीव मुदत त्याच्या सात महिने आधीच संपलेली असेल.

तोवर हात बांधून बसायची मात्र गरज नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि ती लागू आहेत. त्यांत तेरा फसवे प्रकार नावानिशी दिले आहेत. त्यांतला एक म्हणजे जबरदस्तीची कृती: मूळ हव्या असलेल्या सेवेसाठी ग्राहकाला भलत्याच सेवेत नाव नोंदवायला किंवा वैयक्तिक माहिती द्यायला भाग पाडणं. दुसरा म्हणजे कटकट: पुन्हा पुन्हा विनंत्या नि खिडक्या समोर आणून ग्राहकाचं काम अडवणं. विंडोज १० च्या पूर्ण पडदाभर येणाऱ्या ‘नवीन पीसी घ्या’ छापाच्या सूचना ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना या दोन्हींची ओळख नव्यानं करून द्यायला नको.

लिनक्सकडे वळा, हा सल्ला पुण्यात तरी परका नाही. सिम्बायोसिसच्या मॉडेल कॉलनीतल्या संस्थेत ‘ग्नुनिफाय’चे मेळावे भरत आले आहेत आणि भारतीय भाषांच्या ‘लोहित’ फाँटवर काम करणारी रेड हॅटची मंडळी याच शहरातली. ब्राउजर, पत्रव्यवहार, हिशेब एवढंच काम असणाऱ्यानं तो सल्ला जरूर मानावा. पेठेतल्या डीटीपीवाल्याला मात्र तो लागू पडत नाही. पेजमेकर आणि जुन्या फाँटांमधला त्याचा सगळा संसार तिकडे जसाच्या तसा हलवता येत नाही.

त्याच्यासाठी भांडायला दुसरं कुणीतरी हवं, आणि अशी संघटना पुण्याला उसनी आणावी लागणार नाही. अखिल भारतीय ग्राहक पंचायत १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी याच शहरात सुरू केली, देशात ग्राहक संरक्षण कायदा व्हायच्या बारा वर्षं आधी. तेलातली भेसळ आणि वजनातली लबाडी पकडणाऱ्या या चळवळीनं युरोकन्झ्युमर्सनं उचललेला मुद्दा इथं उचलला तर मागण्या फारशा किचकट नाहीत. युरोपात बॅकअपची अट गेली तशी भारतातही जावी. फक्त सुरक्षेचं अपडेट स्थानिक खात्यावर मिळावं. आवश्यक माहिती बंद करायचं जे बटण मोठ्या कंपन्यांना मिळतं ते होम आवृत्तीतही असावं. वैयक्तिक तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते; तक्रारीसोबत पडद्यावर आलेल्या सूचनेचा स्क्रीनशॉट आणि विंडोजच्या परवान्याचं बिल जोडावं. संघटनांनी प्राधिकरणाकडे एकत्रित अर्ज करायचा तर तो १३ ऑक्टोबर २०२६ च्या आत जायला हवा.