वजनाचा कांटा आणि अंगांतलें पाणी

मुष्टियुद्ध हा खेळ आमच्या घरांतून अद्यापि परकाच मानला जातो. कुस्तीची गोष्ट निराळी. तालमीची माती आपल्या ओळखीची आहे. परंतु ही स्थिति आतां पालटत आहे. छत्रपति संभाजीनगर येथें विद्यापीठाच्या आवारांत भारतीय क्रीडा प्राधिकरणाचें केंद्र आहे, आणि सुशिक्षित घरांतील मुलेंमुलीही ठोसे मारण्याची विद्या शिकूं लागलीं आहेत. उस्मानपुऱ्यांतील एका वृद्ध भगिनींनीं आम्हांस लिहिलें आहे कीं, त्यांचा सोळा वर्षांचा नातू स्पर्धेपूर्वीं दोन दिवस पाण्याचा घोट घेत नाहीं, भर उन्हांत रेनकोट घालून धांवतो, आणि कारण विचारल्यास "आजी, वजन बसवायचें आहे" एवढेंच सांगतो. हा उपास कोणत्या शास्त्रांतला, असा त्यांचा प्रश्न आहे. हा प्रश्न एका घराचा नव्हे, म्हणून त्याचें उत्तर येथें सविस्तर देतों.

मुष्टियोद्धे व कुस्तीगीर वजनाच्या गटांप्रमाणें लढतात. आपल्या नेहमींच्या वजनाहून खालच्या गटांत शिरल्यास प्रतिस्पर्धी हलका मिळेल, असा खेळाडूचा हिशेब असतो. पण समोरचाही तोच हिशेब करितो! मग दोघेही तहानलेले, आणि लाभ कोणाचाच नाहीं.

ही युक्ति अशी चालते. प्रथम मीठ आणि पोळीभात कमी करितात. शरीरांत ग्लायकोजेनच्या रूपानें सांठविलेल्या साखरेच्या दर ग्रॅमाबरोबर सुमारें ३ ग्रॅम पाणी असतें. ती साखर सरली कीं तें पाणीही जातें. पुढें पाणी पिणें बंद होतें, आणि शेवटीं कढत पाण्यांत बसून किंवा रबरी पोषाखांत धांवून घाम गाळतात. वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी कीं, दोन दिवसांत उतरलेलें वजन चरबीचें नसून बहुतेक पाण्याचें असतें, आणि तें रक्तांतूनही जातें. रक्त आटलें म्हणजे हृदयाला अधिक वेगानें चालावें लागतें; घाम कमी झाला म्हणजे अंगाची उष्णता बाहेर पडत नाहीं. निर्जळी एकादशी करणारीं आमचीं वडील माणसें त्या दिवशीं सावलींत बसून नामस्मरण करितात. तीं उन्हांत धांवत नाहींत, अथवा डोक्यावर ठोसेही घेत नाहींत.

याचा परिणाम कोठवर जातो तें पहावें. १९९७ सालीं अमेरिकेंत अवघ्या पांच आठवड्यांत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर याच खटाटोपांत मृत्यु पावले. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन कुस्तींत रबरी पोषाख व वाफेच्या खोल्या यांवर बंदी आली आणि वजन करण्याची वेळ सामन्याच्या अगदीं जवळ आणली गेली. पॅरिस येथील २०२४ च्या ऑलिंपिकांत आपल्या विनेश फोगाट यांनीं ५० किलोच्या गटांत एका दिवसांत तीन कुस्त्या जिंकल्या. रात्रभर घाम गाळला, केसही कापले. तरी दुसऱ्या दिवशीं सकाळीं वजन १०० ग्रॅम अधिक भरलें, आणि हातांत आलेलें पदक गेलें.

आतां गेलेलें पाणी परत आणण्याविषयीं. धंदेवाईक मुष्टियुद्धांत वजन आदल्या दिवशीं होतें. ऑलिंपिक धर्तीच्या स्पर्धांत तें लढतीच्याच दिवशीं सकाळीं होतें, म्हणजे हातीं कांहीं तासच उरतात. उतरलेल्या दर किलोमागें सुमारें दीड लिटर द्रव लागतो. तोही घटाघटा नव्हे, थोडाथोडा. नुसतें पाणी पुष्कळ प्याल्यास रक्तांतील मीठ पातळ होतें, आणि तें घातक ठरूं शकतें. आंतड्यांत मीठ व साखर एकत्र शोषलीं जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणी जातें. १९७१ सालीं बनगांवच्या निर्वासित छावणींत डॉ. दिलीप महालानबीस यांनीं याच तत्त्वावर पटकीच्या असंख्य रोग्यांचे प्राण वांचविले. एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावें. जोडीला पेज, मऊ भात, ताक, केळें द्यावें. उपास सोडतांना जड खाऊं नये, हा आपल्या स्वयंपाकघराचा नियम येथेंही खराच. शिरेंतून सलाईन घेण्याचा मोह तर मुळींच नको. रुग्णालयांतील उपचारांवांचून १२ तासांत १०० मिलिलिटरांहून अधिक घेणें, तसेंच लघवी वाढविणारीं औषधें घेणें, हीं उत्तेजकविरोधी नियमांनीं निषिद्ध आहेत. शिवाय कांट्यावरचा आंकडा संध्याकाळपर्यंत भरून आला, तरी शरीर पूर्ववत् होण्यास एकदोन दिवस लागतात.

मग मार्ग कोणता? आपल्याच मुलखांतील दोन उदाहरणें पहावीं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडन येथें ५२ किलोच्या गटांत सहावे आले. १९५२ सालीं हेलसिंकीस ते ५७ किलोच्या गटांत उतरले आणि स्वतंत्र भारताचें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. आपल्या मराठवाड्यांतील बीड जिल्ह्याचे राहुल आवारे यांनीं २०१८ सालीं राष्ट्रकुल स्पर्धेंत ५७ किलो गटांत सुवर्णपदक मिळविलें, आणि २०१९ सालीं ६१ किलो गटांत जागतिक स्पर्धेंत कांस्यपदक जिंकलें. वरच्या गटांत गेल्यानें पराक्रम उणा होत नाहीं, एवढें यावरून दिसतें.

सोळा वर्षांचें शरीर वाढीला लागलेलें असतें. त्याची वाढ कांट्यासाठीं थोपविणें हा व्यायाम नव्हे. म्हणून घरांतील वडीलधाऱ्यांनीं मुलावर रागावूं नये, खेळही बंद करूं नये. त्याच्या वस्तादांना भेटून, मुलगा निरोगी असतां नेहमीं जें वजन भरतें त्याच गटांत त्याला उतरवावें, असें आदरपूर्वक पण निक्षून सांगावें. चरबी उतरवावयाचीच असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्यानें कांहीं आठवड्यांत, सावकाश. लघवी बंद होणें, बोलण्यांत असंबद्धता, भोंवळ यांपैकीं कांहीं दिसल्यास स्पर्धेचा विचार न करितां तत्काळ रुग्णालय गांठावें. पदकें पुढील वर्षींही मिळतात.