पाना आपल्या हातात, जॉब कार्ड कुणाच्या हातात?

"हाताला कौशल्य द्या, जात आपोआप जाईल," असं आपल्या पोरांना हल्ली प्रत्येक रोजगार मेळाव्यात ऐकवलं जातं. आमचा याला स्पष्ट विरोध आहे. कौशल्य हवंच. पण ते शिकलेल्या माणसाला कुठल्या जागेवर उभं केलं जातं, हा प्रश्न गाळून चाललेला कौशल्याचा जयघोष ही फसवणूक आहे.

भिवंडीच्या गोदामपट्ट्यात येऊन पाहा. ऑनलाइन मागवलेला माल घरोघरी पोचवणाऱ्या कंपन्यांच्या गाड्या इथे रात्रभर दुरुस्त होतात, कारण दिवसा गाडी उभी राहिली की कंपनीचा तोटा. त्या गाड्यांखाली शिरणारी कितीतरी पोरं आपल्या वस्त्यांतली आहेत, आयटीआयमध्ये दोन वर्षं मोटार मेकॅनिकचा ट्रेड केलेली. पण कंपनीच्या पटावर त्यांचं नाव नाही. पगार अडकला की कंपनी कंत्राटदाराकडे बोट दाखवते आणि कंत्राटदार कंपनीकडे. वर्षानुवर्षं इंजिन खोलणारा पोरगा कागदावर 'हेल्पर'च राहतो.

हा फरक नुसत्या नावाचा नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. आता बिघाड आधी स्कॅनरवर दिसतो, पाना नंतर लागतो. ज्याच्या हाती स्कॅनर, त्याची जॉब कार्डवर सही. ज्याची सही, त्याची बढती. ग्रीसिंग, टायर, पाटे, धुणं हेल्परकडे. धोकाही त्याच्याच वाट्याला. ब्रेक चेंबरमधली दाबलेली स्प्रिंग चुकीच्या रीतीने खोलली तर जीव घेते. नुसत्या जॅकवर उचललेली गाडी कधीही खाली येऊ शकते. घोडी लावायला दोन मिनिटं लागतात, पण "गाडी लवकर काढ" म्हणणारा वेगळा आणि खाली शिरणारा वेगळा.

बाबासाहेबांनी हे दुखणं फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत मांडलं होतं. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये अस्पृश्य मेकॅनिक मोजके, मिस्त्री क्वचित, फोरमन तर नाहीच. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हेही तिथेच सांगितलं. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खातं आपल्याला बंद होतं, कारण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे. आज विटाळाचं नाव कुणी घेत नाही, 'रेफरन्स' म्हणतात. सुपरवायझर ओळखीतून येतो आणि ती ओळख आपल्या वस्तीपर्यंत पोचत नाही. खाजगी कंत्राटात आरक्षणही नाही.

यावर उत्तर येतं, "हेल्परांत सगळ्या जातींची पोरं आहेत." आहेतच. म्हणून तर लढा एकत्र लढायचा. पण वर कोण चढतं आणि खाली कोण उरतं, हे विचारलं की लगेच 'जातीयवादी' ठरवणाऱ्यांची एकी आम्हाला मान्य नाही.

चळवळीतल्या पुढाऱ्यांनाही प्रश्न आहे. जयंतीची वर्गणी मागायला तुम्ही या गॅरेजवर जाता. पगाराची पावती आहे का, पीएफ भरला जातो का, हे विचारायला कधी गेलात? स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिका हव्यातच, पण परीक्षा न देणारी पोरंही बाबासाहेबांचीच आहेत.

मित्रांनो, मागण्या साध्या आहेत. जे काम, तेच पद आणि तोच पगार, तेही लेखी. स्कॅनरचं प्रशिक्षण सगळ्यांना. घोडी लावल्याशिवाय गाडीखाली कुणी शिरणार नाही. कंत्राटदाराने पगार बुडवला तर मूळ कंपनी जबाबदार. ही जबाबदारी १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती आणि नव्या कामगार संहितांतही आहे. हजेरीची, केलेल्या कामाची नोंद रोज स्वतःच्या वहीत ठेवा. एकट्याने तक्रार केली तर उद्या गेट बंद होईल, म्हणून आधी युनियन बांधा.

पाना आपण कष्टाने मिळवला. आता सहीचा हक्क मिळवू.

जय भीम!