पोळ्यातली पिले आणि पहिले शील



२०२३ च्या वर्षावासात विहारातील प्रवचन आटोपल्यावर एका भगिनीने आम्हाला प्रश्न केला. दारावर मध विकायला येणारा माणूस पोळे पिळतो, तेव्हा मधाबरोबर पांढऱ्या अळ्याही चिरडल्या जातात. आपण पंचशील घेतलेली माणसे. मग खोकल्यावर असा मध घ्यावा की नाही? प्रश्न साधा होता, पण आम्हाला चटकन उत्तर देता आले नाही.

पुढे आम्ही वाचून पाहिले. धम्माने मध वर्ज्य मानलेला नाही. विनयात भिक्खूंना जी पाच औषधे सांगितली आहेत, त्यांत तूप, लोणी, तेल, गूळ-काकवी यांच्याबरोबर मधही आहे. मात्र धम्मपदाच्या अट्ठकथेत एक गोष्ट येते. कोसंबीच्या भिक्खूंचे भांडण मिटेना म्हणून भगवान बुद्ध पारिलेय्यक वनात एकटे राहिले. तेथे एका वानराने त्यांना मधाचे पोळे आणून दिले. भगवंतांनी ते हातात घेतले, पण खाल्ले नाही. वानराने निरखून पाहिले तर पोळ्यात माशीची अंडी होती. ती त्याने अलगद बाजूला केली, तेव्हा कुठे भगवंतांनी मध ग्रहण केला. वानर खरेच आले की नाही, हा वाद आम्ही घालत नाही. अर्थ घ्यावा. मध घ्या, पण पिले बाजूला ठेवून घ्या.

वानराने हाताने केले ते काम आज एक जाळी करते. हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले ते सोलापूर जिल्ह्यातील एका गावात. तेथील आमच्या एका बांधवाच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही. नवरा-बायको दोघे मजुरीला जातात, घरी म्हातारी आई. त्यांनी निम्मे पदरचे व निम्मे कर्जाचे पैसे घालून पाच मधपेट्या घेतल्या. कर्जाचे कागद आम्हीच भरून दिले होते. या धंद्याला सातबारा लागत नाही, हेच आम्हाला मोठे वाटले. पेटी ठेवायला जागा मिळाली की झाले. माशी शिवाराची हद्द पाहत नाही आणि फुलाच्या मालकाची जातही विचारत नाही.

पेटीची रचना सोपी आहे. खालचा कोठा पिलांचा, वरचा मधाचा. राणीमाशी मोकळी असली तर ती वर जाऊन मधाच्या चौकटीतही अंडी घालते. मग मध काढताना पिले मरतात आणि मधही नासका होतो. म्हणून दोन कोठ्यांच्या मध्ये तारांची जाळी ठेवतात. तिला क्वीन एक्सक्लूडर म्हणतात. मेलिफेरा जातीच्या माशीसाठी तिच्या फटी सव्वाचार मिलिमीटरच्या आसपास असतात. कामकरी माशी त्यातून सहज जाते. राणीची छाती मोठी असल्यामुळे ती खालीच राहते. पिले खाली, मध वर.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सूर्यफूल फुलले, तेव्हा त्यांनी जाळ्या ठेवल्या. आम्हीही तेथे हजर होतो. माशा वर चढाव्यात म्हणून खालची एकेक चौकट वर ठेवली. त्या चौकटीवर राणी बसली आहे का, हे पाहायचे मात्र कोणालाच सुचले नाही. बारा दिवसांनी पेट्या उघडल्या तर पाचांपैकी तीन पेट्यांत राणी वर! खालच्या कोठ्यात एक अंडे नाही आणि वरच्या चौकटींत मधाशेजारी अळ्याच अळ्या. राणीला अडवायला घेतलेल्या जाळीने तिला मधाच्या कोठ्यातच कोंडले होते.

तालुक्याच्या व्यापाऱ्याला तारीख दिलेली, हप्ता तोंडावर आलेला. बांधव म्हणाले, “तशाच चौकटी यंत्रात फिरवू. चार अळ्या गेल्या तर काय बिघडलं?” खरे सांगायचे तर आम्हीही गप्प राहिलो. तेव्हा म्हातारी आई म्हणाली, “बाळा, विहारात हात जोडून म्हणतोस ते पेटीपाशी आल्यावर विसरतोस का? लेकरं निघू दे त्यांची.” त्यापुढे कोणी काही बोलले नाही.

राण्या शोधून खाली सोडल्या, पुन्हा जाळ्या ठेवल्या आणि वाट पाहिली. अंड्यापासून कामकरी माशी बाहेर यायला २१ दिवस लागतात, नरमाशीला २४. नरमाशी जाळीतून जाऊ शकत नाही, अडकून मरते. म्हणून मधूनमधून झाकण उघडून वरच्या नरांना वाट करून दिली. २४ दिवसांनी चौकटी पिलांनी रिकाम्या केल्या, तेव्हाच मध काढला. दरम्यान फुलोरा सरला होता आणि माशांनीही काही मध खाल्ला होता. व्यापारी दुसरीकडे गेला, हप्ता खुरपणीच्या मजुरीतून भरावा लागला. पण मध पिकून दाट झाला होता. १४ एप्रिलला जयंतीच्या दिवशी विहाराबाहेर बाटल्या मांडल्या, त्या दुपारपर्यंत संपल्या. अपेक्षेइतके पैसे आले नाहीत, पण म्हातारीने पहिली बाटली विहारात दिली, ती मान वर करून.

ज्यांना हे करायचे आहे त्यांच्यासाठी आमच्या चुकीतून शिकलेले चार शब्द. जाळी ठेवण्याआधी राणी खाली असल्याची खात्री करा. ती दिसली नाही तर वरच्या चौकटींवरील सर्व माशा खालच्या कोठ्यात झटका व मग जाळी ठेवा. वरचे मेणपत्रे अगदी कोरे असतील तर माशा जाळी ओलांडायला नाखूश असतात. त्यांनी वर काम सुरू केल्यावरच जाळी घाला. मेलिफेराची जाळी सातेरीच्या पेटीला चालत नाही, कारण सातेरीची राणी लहान असते व ती त्यातून निसटू शकते. हंगाम संपला की जाळी काढून मेण खरवडून ठेवा. सगळा मध काढू नका, माशांना त्यांचा वाटा ठेवा. आणि एक वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच देऊ नका, तो धोक्याचा असतो.

महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मध केंद्र योजनेत प्रशिक्षण मिळते आणि साहित्यासाठी ५० टक्के अनुदान आहे. जिल्हा कार्यालयात चौकशी करावी. आधी प्रशिक्षण, मग पेटी. आमच्यासारखी उलटी वाट धरू नका.

मुलांना ही पेटी जरूर दाखवा. राणी आणि कामकरी एकाच प्रकारच्या अंड्यातून येतात. जिला मोठे घर आणि शेवटपर्यंत राजान्न मिळते, ती राणी होते. जन्माने कोणी उच्च नसतो, मिळालेले अन्न आणि संधी फरक करते, हे पेटी न बोलता शिकवते. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याचीही प्रतिज्ञा आहे. ती पाळायची वेळ हप्त्याच्या तारखेलाच येते.

त्या भगिनीला आमचे उत्तर एवढेच. ताई, मध जरूर घ्या. पण विकणाऱ्याला विचारा, “पिलांचं काय केलं?”

जयभीम! नमो बुद्धाय!