साठी, सत्तरी आणि तंजावरचा शेतमजूर

तंजावर म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर भोसल्यांचा राजवाडा, सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वराच्या मंदिरातील तो प्रदीर्घ मराठी शिलालेख उभा राहतो. दुसऱ्या सरफोजी राजांच्या धन्वंतरी महालात औषधे सिद्ध होत, त्यांनी तपासलेल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी आजही जपून ठेवलेल्या आहेत, हे अभिमानाने सांगितले जाते. सांगावेही. पण कावेरीच्या त्याच खोऱ्यात मिरासदाराच्या शेतात पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या पण्णैयाळाच्या, म्हणजे बांधील गड्याच्या, दुखण्याची नोंद कोणत्या बाडात सापडते? त्याला कायद्याचे तुटपुंजे संरक्षण मिळाले ते 1952 साली, आणि तेही लाल बावट्याखाली झालेल्या लढ्यांनंतर. शहरातील जुन्या सरकारी रुग्णालयाचे नाव मात्र आजही राजा मिरासदार रुग्णालय असेच आहे.

25 डिसेंबर 1968 रोजी तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातील, आता नागपट्टिणम जिल्ह्यात असलेल्या, कीळवेण्मणी येथे 44 दलितांना झोपडीत कोंडून जाळण्यात आले. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले होती. शेतमजुरांचा अपराध एवढाच की त्यांनी मजुरीत थोडे अधिक भात मागितले होते. त्या वर्षी त्या खोऱ्यात चौदा-पंधरा वर्षांची असलेली आणि चिखलात वाकून लावणी करणारी मुले-मुली आज सत्तरीपलीकडे गेली आहेत. 29 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने 70 वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेखाली कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचाराचे विमाछत्र जाहीर केले, ते या पिढीच्या वाट्याला इतक्या उशिरा आलेले आश्वासन आहे.

सत्तरच का? 2007 साली याच देशाच्या संसदेने ज्येष्ठ नागरिकांसाठी जो कायदा केला त्यात 60 वर्षे पूर्ण झालेला मनुष्य ज्येष्ठ ठरविला आहे. केंद्राचे वृद्धापकाळ निवृत्तिवेतनही साठीपासूनच आहे. त्यातील केंद्राचा वाटा 79 व्या वर्षापर्यंत दरमहा 200 रुपये असून जवळजवळ दोन दशके त्यात एका पैशाचीही वाढ झालेली नाही, ही गोष्ट वेगळी. म्हणजे 200 रुपये देताना मनुष्य साठाव्या वर्षी म्हातारा होतो आणि आजारी पडताना सत्तराव्या! समाजवाद्यांवर बंदीचा कायदा लादणाऱ्या बिस्मार्कने 1889 साली जर्मन कामगारांना वृद्धापकाळाचा विमा दिला तेव्हाही वयाची अट सत्तरच होती. तिथवर फार थोडे कामगार पोचत, हे त्याच्या खजिन्याला सोयीचे होते.

यावर सांगितले जाते की गरिबांना वयाची अट नाहीच. त्यांची नावे आधीपासून यादीत आहेत. ते अर्धेच खरे आहे. केंद्राची मूळ यादी 2011 च्या गणनेवर उभी राहिली. तमिळनाडूच्या योजनेत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 1 लाख 20 हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. तंजावरच्या एखाद्या मजुराचा मुलगा तिरुप्पूरच्या होजिअरी कारखान्यात महिन्याला 12 हजार मिळवतो असे धरा. वर्षाचे 1 लाख 44 हजार झाले. मुलाचे नाव एकाच शिधापत्रिकेवर असेल तर बासष्ट वर्षांची आई कागदावर सधन झाली! राज्याच्या योजनेचे दार तिला बंद आणि केंद्राचे उघडायला अजून आठ वर्षे. तोवर तिने लावणीलाच जावे, कारण शेतमजुराला निवृत्तीचे वय ठरवून देणारा कायदाच नाही.

वय मोजायचे ते आधार कार्डावरून. जिच्या जन्माची नोंदच कोठे झाली नाही तिचे वय नोंदणी करणाऱ्याने अंदाजाने लिहिले. ते दोन-तीन वर्षे चुकले तर विमाही तितकाच लांबतो. चिखलात आणि भाताच्या पेंढ्यांत झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत, ही तक्रार तर सर्वांच्या परिचयाची आहे.

आणि कार्ड हाती आल्यावर? ही योजना दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी यांची रोजची गोळी आणि बाह्यरुग्ण तपासणी तीत नाही. म्हाताऱ्या माणसाचा पैसा तर तेथेच झिरपून जातो. हिशेबाची तऱ्हा काय, हे नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या 2023 च्या अहवालाने दाखवून दिले: सुमारे साडेसात लाख लाभार्थ्यांची नोंद 9999999999 या एकाच दूरध्वनी क्रमांकावर!

तथापि आपल्यातील काही कॉम्रेड यावरून जो निष्कर्ष काढतात तो चुकीचा आहे. विमा म्हणजे खाजगी रुग्णालयांकडे सरकारी तिजोरी वळविण्याचा मार्ग, सबब त्या कार्डाच्या रांगेत आपण उभे राहू नये, असे ते म्हणतात. पूर्वार्ध बरोबर आहे. पण हृदयविकाराचा झटका आलेल्या शेतमजुराच्या घरच्यांना हा सिद्धांत ऐकवून पाहावा! कार्ड नसेल तर त्या रात्री सावकार गाठावा लागतो. उलट, कार्डे काढून देणे हेच संघटनेचे काम समजून छायाचित्रे काढून घेणारेही आहेत. त्यांच्याविषयी अधिक न लिहिणे बरे.

दुसरा मार्ग स्वप्नातला नाही, तमिळनाडूतच आहे. 1994 साली स्थापन झालेल्या राज्य वैद्यकीय सेवा महामंडळाने औषधांची एकत्रित खरेदी करून ती सरकारी रुग्णालयांत विनामूल्य पोचविली. ऑगस्ट 2021 पासून रक्तदाब-मधुमेहाची औषधे घरपोच देण्याची योजना चालू झाली. तिला ना विमा कंपनी लागली, ना सत्तरी. संघटित कामगारांचेच पाहा: 1948 च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या राज्य कामगार विमा योजनेत किमान पाच वर्षे विमाधारक राहून निवृत्त झालेल्या कामगारास वर्षाला 120 रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी औषधोपचार मिळतात, बाह्यरुग्ण तपासणीसह. शेतमजूर या योजनेच्या बाहेर राहिला, कारण त्याचा मालक कोणत्याही हजेरीपटावर त्याचे नाव लिहीत नाही.

म्हणून युनियनच्या गावशाखांनी दोन्ही कामे एकाच दिवशी हाती घ्यावीत. सत्तरीवरच्यांची नोंदणी करून द्यावी, आधारवरील चुकीच्या वयाच्या दुरुस्तीचे अर्ज भरावेत. आणि साठ ते सत्तर या वयातील ज्यांना कोणतेही कार्ड मिळत नाही त्यांची गाववार यादी करावी. त्या यादीत प्रत्येकाचा आजार, महिन्याचा औषधाचा खर्च आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आठवड्यातून किती दिवस असतो, हे लिहावे. मेट्टूर धरणाचे पाणी परंपरेने 12 जूनला सुटते. त्यानंतर लावणीमुळे कोणालाही सवड मिळणार नाही. यादी त्याआधी कलेक्टर कचेरीत पोचली पाहिजे.