भांडणाच्या आधीची बैठक

बकरी ईदच्या आठ दिवस आधी आमच्या सोसायटीच्या फलकावर सूचना लागली : ‘आवारात जनावरे बांधण्यास सक्त मनाई आहे.’ शहाड स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवरची आमची इमारत. साठ घरे, त्यात मुस्लिमांची चार. सूचनेचा फोटो लगेच व्हॉट्सॲप ग्रुपवर आला आणि तासाभरात विषय बकऱ्यावरून देशावर गेला. गणपतीच्या मांडवाला पार्किंग चालते, मग आम्हालाच मनाई का, असा सवाल मीही रागाने लिहून टाकला. त्याला जी उत्तरे आली ती इथे लिहिण्यासारखी नाहीत.

दोन दिवसांनी दुसऱ्या मजल्यावरचे एक काका घरी आले. ते कंपनीतून निवृत्त झालेले आणि कधीकाळी युनियनमध्ये वावरलेले. चहा घेता घेता त्यांनी एवढेच विचारले, “तुम्हाला नक्की काय पाहिजे?” मी म्हटले, आमचा हक्क. ते म्हणाले, “ते झालंच हो. पण त्या रात्री नक्की काय पाहिजे?” मग मला सांगावे लागले की कुर्बानी पालिकेने ठरवलेल्या जागीच होणार आहे, फक्त आदल्या रात्री बकरा सुरक्षित बांधायला जागा हवी आहे. काका तिथून तळमजल्यावरच्या घरी गेले. त्यांनाही तोच प्रश्न. त्यांची अडचण बकऱ्याची नव्हतीच. आदल्या वर्षी त्यांच्या खिडकीखाली लेंड्या आणि चारा तीन दिवस पडून होता, आणि ते कोणीतरी साफ करील म्हणून आम्ही चौघांनीही पाहिले नव्हते. शेवटी पंपाच्या खोलीमागची जागा ठरली. एक रात्र बांधायचे आणि सकाळी आम्हीच धुऊन द्यायचे. सूचना निघाली.

काकांनी जे केले त्याला अभ्यासकांच्या भाषेत नाव आहे. रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांनी 1981 मध्ये वाटाघाटींवर एक पुस्तक लिहिले. जगभरच्या व्यवस्थापन आणि कायद्याच्या वर्गांत ते आजही शिकवले जाते. त्याचा गाभा असा की माणूस तोंडाने जी मागणी करतो ती वेगळी आणि त्यामागची गरज वेगळी. मागण्या एकमेकींवर आदळतात, गरजांना मात्र पुष्कळदा एकत्र बसवता येते. ‘मनाई’ आणि ‘हक्क’ यांच्यात मधली जागा नव्हती. स्वच्छ खिडकी आणि सुरक्षित बकरा यांच्यात होती.

पण मला बोचले ते वेगळेच. मी या इमारतीत अकरा वर्षे राहतो. या अकरा वर्षांत मी सोसायटीच्या एकाही सर्वसाधारण सभेला गेलो नव्हतो. पाण्याचा टँकर, गच्चीची गळती, लिफ्ट यांपैकी कशावरही माझे तोंड उघडले नव्हते. शेजाऱ्यांनी मला पहिल्यांदा बोलताना ऐकले ते माझ्या बकऱ्यासाठी.

ही गोष्ट लहान आहे, पण हाच धडा मोठ्या प्रमाणावर आपल्या शेजारी एकदा गिरवला गेला आहे. कल्याणची खाडी ओलांडली की भिवंडी. मे 1970 मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी तिथे दंगल पेटली, तिची चौकशी न्यायमूर्ती मादोन आयोगाने केली. 1984 मध्ये पुन्हा तेच. भिवंडी म्हणजे दंगलीचे गाव असा शिक्का बसला. 1988 मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी शहरभर सुमारे सत्तर मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत हिंदू आणि मुस्लिम दोन्ही, आणि भर पुढाऱ्यांवर नव्हे, तर मोहल्ल्यातल्या साध्या माणसांवर. बैठका नियमित, दंगल असो वा नसो. विषयही रोजचेच : नळावरची, गटाराची, पोरांच्या मारामारीची भांडणे. माणसे एकमेकांना नावाने ओळखू लागली आणि पोलिसालाही ओळखू लागली.

6 डिसेंबर 1992 ला बाबरी मशीद पाडली गेली. मुंबई दोनदा पेटली. श्रीकृष्ण आयोगाने मृतांचा आकडा 900 दिला आहे. भिवंडी शांत राहिली. खोपडे यांनी नंतर याच प्रश्नावर मराठीत पुस्तक लिहिले.

राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी हे व्यापक पातळीवर तपासले. त्यांचे पुस्तक 2002 मध्ये आले. 1950 ते 1995 या काळातील हिंदू-मुस्लिम हिंसेच्या नोंदी त्यांनी पाहिल्या. मृत्यूंमध्ये खेड्यांचा वाटा चार टक्क्यांहूनही कमी होता, आणि सगळ्या मृत्यूंपैकी जवळपास निम्मे फक्त आठ शहरांतले होते. म्हणजे दोन धर्म एकत्र राहिले की दंगल होतेच, हे खरे नाही. मग काही शहरे का जळतात आणि काही का नाही? त्यांचे उत्तर असे की जिथे दोन्ही समाज व्यापारी संघटना, कामगार संघटना, वाचनालये, मंडळे यांत एकत्र काम करतात, तिथे अफवेला पाय फुटत नाहीत. नुसती शेजाऱ्याला दिलेली खीर आणि आलेले मोदक चांगलेच, पण शहर मोठे असेल तर तेवढे पुरत नाही.

आपल्याकडे सध्या काय आहे? सणाच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक. ठरलेले चेहरे, चहा, भाषणे, फोटो. मौलानासाहेब आणि मंडळाचे अध्यक्ष हात मिळवतात आणि पुढच्या सणापर्यंत भेटत नाहीत. भिवंडीनेच दाखवले आहे की शांतता एकदा कमावली म्हणजे कायमची होत नाही. जुलै 2006 मध्ये कब्रस्तानाशेजारच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून तिथे वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले आणि दोन पोलीस शिपायांना जमावाने ठार मारले. ज्या शहराने 1992 निभावले, तेच हे शहर.

आता आपल्या घराकडे पाहू. सुलह हा आपल्या दीनचा शब्द आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. पण व्यवहारात आपण तिचा अर्थ ‘जाऊ द्या, मिटवा’ असा करून टाकला आहे. सूरह हुजुरातमध्ये दोन गटांत समेट घडवण्याचा आदेश आहे. त्याच जागी अन्याय करणाऱ्याला रोखण्याचा आदेशही आहे, आणि समेट न्यायाने करा असेही बजावले आहे. सूरह निसामध्ये नवरा-बायकोच्या वादात दोन्ही घरांकडून एकेक मध्यस्थ सांगितला आहे. आपल्या जमातीच्या बैठकीत तिच्या बाजूचा मध्यस्थ किती वेळा असतो? बहुतेकदा सगळे त्याच्याच ओळखीचे आणि मुलीच्या बापाला सांगितले जाते, ‘थोडं सोसायला सांगा.’ याला सुलह म्हणू नये. दुबळ्याच्या खांद्यावर टाकलेले ओझे म्हणावे.

म्हणून मध्यस्थीची हद्दही सांगितली पाहिजे. मारहाण, धमकी, द्वेषाचे भाषण यांची जागा पोलीस ठाणे आणि कोर्ट. तिथे ‘दोन्ही बाजूंनी समजून घ्या’ म्हणणारा मध्यस्थ खरे तर एका बाजूचा असतो.

पण जिथे मध्यस्थी चालते, तिथे शब्दावर अडून बसू नये. हुदैबियाच्या तहात (सन 628) कुरैशांनी ‘अल्लाहचे रसूल’ या शब्दांना हरकत घेतली. पैगंबर मुहंमद (स.) यांनी ते शब्द काढू दिले. सहाबा दुखावले, पण तह झाला आणि शांततेची वाट मोकळी झाली. शब्द सोडला, हेतू सोडला नाही. मी मात्र ग्रुपवर एका फलकासाठी देश पणाला लावायला निघालो होतो.

राज्यात 15 ऑगस्ट 2007 पासून तंटामुक्त गाव मोहीम झाली, ती गावांसाठी. शहाडसारख्या ठिकाणी, जिथे स्टेशनच्या एका बाजूला कल्याण आणि दुसऱ्या बाजूला उल्हासनगर, जिथे सिंधी, मराठी, उत्तर भारतीय, मुस्लिम एकाच पुलाखालून जातात, तिथे तसे काही नाही. 2023 च्या मध्यस्थता कायद्यात सामुदायिक मध्यस्थतेचे वेगळे प्रकरण आहे. परिसराची शांतता बिघडवू शकेल असा वाद, दोन्ही बाजूंची संमती असेल तर, तीन मध्यस्थांपुढे नेण्याची ती तरतूद आहे. अशा समझोत्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याची ताकद नसते. तो टिकतो तो माणसांच्या शब्दावर, आणि शब्दावर विश्वास बसायला आधीची ओळख लागते.

ती ओळख सरकार करून देणार नाही. माझे सांगणे साधे आहे, आणि ते आधी मलाच लागू आहे. सोसायटीच्या पुढच्या सभेला जा. गळतीवर बोला. शाळेच्या पालक सभेत, स्टेशनच्या प्रवासी संघटनेत, वॉर्डातल्या पाण्याच्या तक्रारीत आपले नाव असू द्या. आपल्या मागणीसाठी तोंड उघडण्याआधी चार वेळा सगळ्यांच्या मागणीसाठी उघडलेले असावे. उद्या फलकावर दुसरी सूचना लागली तर काका असतीलच असे नाही.

गेल्या महिन्यात मी सभेला गेलो. विषय होता टाकीच्या सफाईचा. तळमजल्यावरचे ते शेजारी शेजारच्याच खुर्चीवर होते. दीड तास आम्ही दोघे एकाच बाजूने भांडलो, ठेकेदाराशी.