आधी भोंगा बघा, मग वॅट

धान लोंबीवर आलं की रानडुकरांची जागल. सिंदेवाही-ब्रह्मपुरीकडं वाघामुळं रात्री धुऱ्यावर बसायची सोय नाही, म्हणून बरेच जण घरीच अँप्लिफायर जोडून भोंगा लावतात. चांगलंच आहे. पण बोर्डावरच्या '१०० वॅट'ला भुलू नका. १२ व्होल्टच्या बॅटरीवर साधा बोर्ड १६ ओहमच्या भोंग्याला जेमतेम १ वॅट देतो, ब्रिजवाला त्याच्या चौपट. घ्यायचा तर ब्रिजवालाच. असे दोन भोंगे समांतर जोडले की ८ ओहम होतात. बोर्डाला झेपतं का ते आधी बघा, नाहीतर आयसी जळते. घरातला डब्याचा स्पीकर शेतात कामाचा नाही, तेवढ्याच वॅटला भोंगा कितीतरी लांब ऐकू जातो.

आणि डरकाळी लावणाऱ्यांनो, तिचा खर्ज भोंग्यातून निघतच नाही, उलट युनिटचा पडदा फाटतो. कुत्र्याचं भुंकणं बरं. रोज तेच लावलं तर मात्र डुकरं सरावतात, आमच्याकडं आठवड्यातच सरावली.