माडामागचा कळस

"जीपीएस आहे की! मग हे कशाला शिकायचं?" सर्व्हे कॅम्पमध्ये प्लेन टेबल बाहेर निघालं की हे वाक्य कोणीतरी टाकतंच. माझं मत याच्या साफ उलट आहे, आणि ते मी मालवणच्या समुद्रावरून मांडणार आहे.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली खडकच खडक. तिथून होडी काढताना माझे मामा नजर ठेवायचे ती जमिनीवर. "माडाच्या मागे कळस दिसाक व्हयो. बाजूक गेलो काय खडप इलाच समज!" ही शुद्ध भूमिती आहे, राव. एक जवळची आणि एक लांबची खूण एका रेषेत दिसली की आपण त्या रेषेवर आहोत. दुसऱ्या दिशेला अशीच जोडी धरली की दोन रेषा छेदतात आणि आपली जागा पक्की. होकायंत्रसुद्धा लागत नाही.

नांगर टाकल्यावर तर याची खरी किंमत कळते. होडीच्या आडव्या बाजूला एक जोडी धरून ठेवायची. वारा आणि पाण्याची ओढ तीच असताना कळस माडापासून सुटून सरकतच राहिला, तर समजायचं की नांगर घसरतोय. मग दोर आणखी सोडा नाहीतर इंजिन चालू करा, पण झोपू नका. मागे खडक असतात!

मामांच्या डोक्यात जे आहे ते जुने सर्वेक्षक कागदावर उतरवत. आरमारी नकाशांच्या कडेला समुद्रातून दिसणाऱ्या किनाऱ्याची रेखाचित्रं असायची. प्रसिद्ध चित्रकार व्हिसलर १८५४-५५ मध्ये अमेरिकेच्या कोस्ट सर्व्हेत हेच काम करत होता. पठ्ठ्याने एका बेटाच्या चित्रात उगाचच पक्षी घुसडले! फोटोत सगळंच येतं. स्केच काढताना मात्र काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे आपल्यालाच ठरवावं लागतं, आणि तिथेच ती जागा डोक्यात बसते. मामांचा खुणेचा माड २०२१ च्या तौक्ते वादळात पडला. आता ते मोबाइलचा टॉवर धरतात.

जीपीएस नको असं मी म्हणत नाही, मामांकडेही आहे. पण मे २०२५ मध्ये जेद्दाजवळ एमएससी अँटोनिया हे कंटेनर जहाज रुतलं, तेव्हा बनावट जीपीएस संकेतांचा संशय घेतला गेला. पडद्यावरचा आकडा चुकीचा आहे हे पडद्याकडेच बघून कसं कळणार?

म्हणून कॅम्पचा एक दिवस टोटल स्टेशन कपाटात ठेवा. प्रत्येकाने माळावर एक जागा निवडून खुणांच्या दोन जोड्यांचं स्केच काढायचं आणि कागद दुसऱ्याच्या हातात द्यायचा. त्याला ती जागा सापडली तर मार्क चित्र काढणाऱ्याला. किती, ते सरांनी ठरवावं.